जास्तीचा कागद

कतारला, फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक खोली होती. तिला दार होतं म्हणून खोली म्हणायचं, एवढंच. बिल्डिंग बांधणाऱ्यानं ती मोलकरणीसाठी काढली होती. आमच्याकडे मोलकरीण नव्हती, त्यामुळे तिथे वॉशिंग मशीनचं खोकं, बाबांच्या रिकाम्या बॅगा आणि सिन्नरहून मामीनं पाठवलेले कुरडयांचे डबे नांदायचे. मी बारावीत गेले त्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरली आणि तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. आईचे केस तेव्हा कमरेच्या खाली यायचे. एका हातानं ते विंचरता येईनात, आणि मी विंचरायला घेतले की दोघींचं भांडण व्हायचं. आमच्या खालच्या मजल्यावर कोपऱ्यावरच्या लेडीज सलूनमधल्या मुली राहायच्या, दोन खोल्यांत सात जणी. त्यांतली एक लिफ्टमध्ये आईचा अंबाडा बघून कळवळून म्हणाली, "दिदी, ये किसने बांधा? बाल टूट जाएगा ऐसे!" बांधणारी मीच होते आणि शेजारीच उभी होते. दुसऱ्या दिवशी ती स्वतःची फणी घेऊन वर आली. महिन्याभरात तिची गादीही वर आली, आणि कुरडयांचे डबे माझ्या पलंगाखाली गेले.

तिच्या पासपोर्टवर नाव होतं माया तामांग. वय सव्वीस, देश नेपाळ. मी तिला मायादिदी म्हणायचे. ती आल्यापासून आमच्या घराचा आवाज बदलला. आधी सकाळी फक्त एसीची घरघर, मागच्या मशिदीतली अजान आणि समोरच्या प्लॉटवर खांब ठोकणाऱ्या मशीनचे धक्के असायचे. आता त्यात तिचं गुणगुणणं आलं आणि आईचं हसणं आलं. आई हसते हे मला त्या आधी फारसं माहीतच नव्हतं. दोघींची भाषा म्हणजे एक खिचडी होती. आईचं हिंदी मराठी वळणाचं, तिचं नेपाळी वळणाचं, आणि मी मध्ये इंग्रजीत उत्तरं देणारी. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे, नाहीतर वाचणाऱ्याला वैताग येईल. आम्हाला मात्र यायचा नाही.

बाबा उत्तरेकडच्या गॅस प्लांटमध्ये मेंटेनन्सला होते. त्यांचा देवावर बेताचा आणि झेरॉक्सवर पूर्ण विश्वास होता. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, प्रत्येक प्रत प्लास्टिकमध्ये, आणि सगळं एका हिरव्या फायलीत. इथल्या रेसिडेन्सी कार्डाला अरबीत बताका म्हणतात, आपली माणसं त्याला पताका म्हणतात. आम्हा तिघांच्या पताका संपायच्या तारखा बाबांना वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ होत्या. "कागद नीट असला की माणसाला कोणी हलवू शकत नाही," असं ते जेवताना सांगायचे. मायादिदी हे ऐकताना मान खाली घालून ठेच्याला हात घालायची. ठेचा ती भाजीसारखा खायची. बाबांना हे बघवायचं नाही. त्याहून बघवायचं नाही ते तिचं चहात मीठ घालणं. पहिल्यांदा तिनं घातलं तेव्हा बाबांना वाटलं डबा चुकला, आणि ते घाईघाईनं साखर पुढे करत राहिले.

एकदा मामीनं सातूचं पीठ पाठवलं. आई त्यात गूळ आणि दूध घालून कालवायची. मायादिदीनं डब्यात बोट बुडवून चाटलं, आणि काही न बोलता एक वाटी घेतली. तिनं काळा चहा केला, त्यात मीठ आणि लोण्याचा मोठा गोळा टाकला, तो पिठावर ओतला आणि अंगठ्यानं वाटीच्या कडेकडेनं पीठ फिरवत मळायला लागली. वाटी डाव्या हातात गोल गोल फिरत होती आणि एक कणही बाहेर पडत नव्हता. मुठीत दाबून तिनं लाडवासारखा गोळा केला, उभ्यानंच खाल्ला, आणि मग स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली.

"अगं, नेपाळातही सातू खातात का?" आईनं विचारलं.

"नेपाळात नाही दिदी. आमच्याकडे."

"आमच्याकडे म्हणजे?"

ती बराच वेळ वाटी पुसत राहिली. मग म्हणाली, "माझं नाव माया नाही."

"मग?"

"डिकी."

आणि मी खदखदून हसले. "डिकी? गाडीची?" आईनं प्लास्टर नसलेल्या हातानं माझ्या डोक्यात टपली मारली. डिकीचा अर्थ तिच्या भाषेत सुख असा आहे, हे तिनं शांतपणे सांगितलं. मला आजही त्या हसण्याची लाज वाटते, पण खरं सांगायचं तर त्यानंतर मी जे केलं त्यापुढे ते हसणं काहीच नाही.

तिची हकीकत तिनं त्या दुपारी फरशीवर बसून सांगितली. ती पाच वर्षांची असताना आईवडील तिला घेऊन तिबेटातून बर्फाचा घाट ओलांडून निघाले. जायचं होतं भारतात. नेपाळ फक्त वाटेत होतं. तिथे नाव लिहून घेतात, काही आठवडे ठेवतात आणि पुढे भारतात पाठवतात, असं सगळ्यांना माहीत होतं. पण घाटात तिच्या आईच्या पायाची बोटं गोठली आणि काठमांडूत ती कापावी लागली. आई चालायला लागेपर्यंत त्यांच्या बरोबरचे सगळे पुढे गेले होते. पाठवणाऱ्यांच्या यादीतून यांची नावं गळली होती, आणि नेपाळनं नव्यानं आलेल्यांना ओळखपत्रं देणं तर आधीच बंद केलेलं होतं. वडील गालिच्याच्या कारखान्यात लागले. राहू म्हणता म्हणता राहिले. ती शाळा संपवून बाहेर आली तेव्हा लक्षात आलं की तिला कॉलेजात जाता येत नाही, सिमकार्ड घेता येत नाही, आणि पोलिसानं रस्त्यात थांबवलं तर दाखवायला काहीच नाही. त्यांच्या शेजारी एक तामांग गृहस्थ होते. त्यांची माया नावाची मुलगी लहानपणीच तापानं गेली होती. तिच्या जन्माची नोंद होती, मृत्यूची कोणी केली नव्हती. त्यांनी आपण होऊन म्हटलं, "हे नाव पडूनच आहे. तू घे."

बाबा संध्याकाळी आले, बूट काढले, पाणी प्यायले, आणि आईनं त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं आता तिची गादी खाली जाणार. बाबा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"म्हणजे नेपाळ तुमचा ट्रान्झिट होता?"

"हो सर."

"आणि त्याला किती वर्षं झाली?"

"एकवीस."

"ट्रान्झिट आठ तासांचा असतो," बाबा म्हणाले. "फार तर चोवीस." विनोद करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांना खरोखरच राग आला होता, जसा एखादा व्हॉल्व्ह चुकीच्या दिशेनं बसवलेला बघून यायचा. त्या दिवसापासून डिकीचं प्रकरण हे बाबांचं प्रकरण झालं. बाहेर आम्ही तिला मायाच म्हणायचो, दार लावलं की डिकीदिदी.

दोन-तीन महिने बरे गेले. मग सलूनच्या मालकीणबाईंनी सगळ्या मुलींना सांगितलं की हातानं लिहिलेले जुने पासपोर्ट आता बाद होणार, मशीनवर वाचता येणारे नवे करून घ्या, नाहीतर रेसिडेन्सी वाढणार नाही. बाकीच्या मुली दूतावासात जाऊन फॉर्म भरून आल्या. डिकीदिदीला नव्या पासपोर्टसाठी गावच्या वॉर्ड ऑफिसचं पत्र हवं होतं, त्यावर घरच्या माणसाची सही हवी होती. तामांगकाका वारले होते. त्यांच्या दोन मुलांना या बहिणीची भीती वाटत होती, कारण सही केली आणि उद्या चौकशी झाली तर? त्यांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, दसऱ्यानंतर बघू. दसऱ्यानंतर म्हणाले, तिहारनंतर. नेपाळात दिवाळीला तिहार म्हणतात हे मला अशा रीतीनं कळलं.

दरम्यान बाबांनी दुसऱ्या वाटा शोधल्या, आणि माझ्या इंग्रजीला काम लागलं. मी शाळेत निबंधाची बक्षिसं मिळवणारी मुलगी होते. बाबा सांगायचे, मी टाइप करायचे. निर्वासितांचं काम बघणाऱ्या एका परदेशी कार्यालयानं कळवलं की अर्जदार ज्या देशात आहे तिथल्या शाखेकडे जावं. कतारमध्ये शाखा नव्हती. दुसऱ्यानं विचारलं की ही तर नेपाळी नागरिक आहे, मग निर्वासित कशी? तिबेटी आहे असं सिद्ध करायचं तर त्याचा कागद हवा, आणि तो कागद असता तर तिला माया व्हावंच लागलं नसतं. बाबांनी दिल्लीतल्या एका मित्राला कामाला लावलं. भारतातल्या तिबेटी लोकांना प्रवासासाठी एक पिवळं पुस्तक मिळतं. त्यासाठी भारतात नोंद हवी. नोंदीसाठी सीमेवरचा परवाना हवा. परवाना मिळतो तिबेटातून थेट येणाऱ्याला, आणि ही मध्ये एकवीस वर्षं थांबलेली. "थांबलेली?" बाबा फोनवर ओरडले. "तिच्या आईच्या पायाची बोटं कापली होती, अरे!" मित्र बिचारा म्हणाला, "अण्णा, मी फक्त नियम वाचून दाखवतोय."

मी आता कतारमध्येच, लुसैलला एका कंपनीच्या एचआरमध्ये काम करते. विसाव्या मजल्यावरून ट्राम खेळण्यातल्यासारखी दिसते, आणि माझ्या टेबलावर दिवसभर लोकांच्या फायली येतात. कुणाच्या नावात एक अक्षर जास्त, कुणाच्या जन्मतारखेत महिना आणि दिवस उलटे. मीही तेच म्हणते, नियम आहे, मी काय करू. म्हणताना दर वेळी बाबांचा तो फोन कानात वाजतो आणि माझा मलाच वैताग येतो. पण म्हणते.

शेवटी पत्र आलं. धाकट्या तामांगभावाला कशी काय दया आली कोण जाणे, त्यानं सही केली. पत्रावर लिहिलं होतं की ते तीन महिनेच चालेल, आणि आमच्या हाती पडेपर्यंत त्यातले दोन गेले होते. बाबांनी सुट्टी काढली. दूतावासात पहिल्या दिवशी फोटो नाकारला, कान दिसत नव्हते. दुसऱ्या वेळी कान दिसले, पण बोटांचे ठसे उमटेनात. वर्षानुवर्षं केसांचे रंग आणि ते सरळ करायची औषधं हाताळून तिची बोटं काचेसारखी गुळगुळीत झाली होती. मशीन प्रत्येक बोटाला लाल दिवा दाखवायचं. खिडकीतला कारकून चांगला होता. नेपाळीच, चाळिशीचा, दमलेला. तो म्हणाला, पंधरा दिवस कामावर हातमोजे घाला, रोज क्रीम लावा, परत या. पंधरा दिवस आई रोज संध्याकाळी तिच्या दहा बोटांना तूप चोळत बसायची. बाबा येताजाता विचारायचे, "आल्या का रेषा?" जणू पेरणी केली होती.

त्या पंधरा दिवसांतच मी ते पत्र लिहिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी सतरा वर्षांची होते आणि मला सगळ्याचा संताप आला होता. कानांचा, बोटांचा, वॉर्ड ऑफिसचा, आणि सगळ्यात जास्त त्या खोट्या नावाचा. मला पक्कं वाटत होतं की इतके सगळे अडथळे येतात ते आपण खोटं बोलतो म्हणून. खरं आणि नीट इंग्रजीत लिहिलं तर वाचणारा माणूस पाघळेलच. मी एक पान टाइप केलं. माझं नाव डिकी, मी तिबेटी, माया तामांग ही मुलगी लहानपणी वारली, तिच्या वडिलांनी दया दाखवली, आता तुम्हीही दाखवा. शेवटचं वाक्य लिहून मला रडूही आलं. ते पान मी हिरव्या फायलीत ठेवलं. बाबांना दाखवायचंच होतं, हे मी शपथेवर सांगते. पण चाचणी परीक्षा आल्या, आणि मी विसरले. बाबांनी सवयीप्रमाणे फायलीतल्या सगळ्या कागदांची चळत उचलून अर्जाला लावली.

त्या सकाळी मीही बरोबर गेले होते, शाळा बुडवून. डिकीदिदीनं बोट ठेवलं, हिरवा दिवा लागला. दुसरं, हिरवा. दहाच्या दहा. बाबांनी माझ्याकडे बघून मूठ आवळली, क्रिकेटमध्ये विकेट पडल्यासारखी. कारकून हसला आणि कागद एकेक करून तपासायला लागला. फॉर्म, नागरिकत्वाचा दाखला, वॉर्डाचं पत्र. मग तो थांबला. एक पान तो खूप वेळ वाचत होता. ते मीच टाइप केलेलं पान आहे, हे मी खिडकीच्या बाहेरून ओळखलं.

त्यानं वर बघितलं, आधी तिच्याकडे, मग मागे बसलेल्या आपल्या सहकाऱ्याकडे. पानाची घडी केली. सगळ्या कागदांवर ती ठेवून चळत खिडकीखालून परत सरकवली.

"बहिनी, यो कागज मैले देखेको छैन," तो हळू आवाजात म्हणाला. ताई, हा कागद मी पाहिलेला नाही.

"पण बाकीचे घ्या ना," बाबा हिंदीत म्हणाले. त्यांना अजून काही कळलंच नव्हतं. "सगळं पूर्ण आहे. ठसेही आले."

"साहेब, मी वाचलं," तो म्हणाला. "वाचल्यावर मी सही कशी करू? फाइल घ्या आणि जा. आत्ता जा."

बाबांनी पार्किंगमध्ये, गाडीला टेकून, ते पान वाचलं. मी वाट बघत होते की ते ओरडतील. ते म्हणाले, "इंग्रजी चांगलं आहे," आणि पान डिकीदिदीच्या हातात दिलं. तिला इंग्रजी वाचायला वेळ लागायचा. ओळीखाली बोट धरून तिनं शेवटपर्यंत वाचलं.

"हे तू लिहिलंस?"

"मला वाटलं खरं सांगितलं तर..."

"कोणाचं खरं?" ती म्हणाली. इतक्या महिन्यांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "तुझा पासपोर्ट तुझ्या बाबांच्या फायलीत आहे. तीन झेरॉक्स आहेत. तुला खरं बोलायला काय जातं? त्या पोरानं माझ्यासाठी सही केली. त्याला तुरुंगात घालायचं होतं का तुला? माझी आई अजून तिथेच राहते. ही गोष्ट तुझी नव्हती, मनू. माझी होती. मी सांगायची की नाही, ते मी ठरवायचं होतं."

मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "यल्ला, सर, चला. उन्हात किती वेळ उभं राहायचं."

त्या खिडकीवर ती पुन्हा गेली नाही. आम्ही खूप समजावलं, दुसरा कारकून असेल, पान तर फाडून टाकलंय. ती म्हणायची, "त्यानं मला वाचवलं. परत गेले तर त्याला अडकवेन." महिना संपला, पत्र बाद झालं, आणि धाकट्या भावानं फोन उचलणं बंद केलं. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. माझी बारावीची परीक्षा त्या अबोल्यात झाली. मार्क चांगले पडले, आणि पेढे कोणी आणले नाहीत.

सलूनच्या मालकीणबाईंनी जमेल तितकं थांबून बघितलं आणि मग खलास म्हणून सांगितलं. पासपोर्ट बाद, पताका संपलेली. आता परत जाण्यासाठी एक पानाचा एकेरी प्रवासाचा दाखला लागणार होता. त्याला ना वॉर्डाचं पत्र लागलं, ना बोटांचे ठसे, ना कान. तो दोन दिवसांत मिळाला, माया तामांगच्याच नावानं. बाबांनी तो हातात धरून दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला.

विमान दुपारचं होतं. आईनं तिचे केस विंचरून वेणी घालून दिली, आता प्लास्टर नव्हतं. विमानतळावर तिचं एक खोकं होतं, दोरीनं बांधलेलं. काउंटरवरच्या मुलीनं बाबांच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि म्हणाली, यावर नाव आणि कायमचा पत्ता लिहून खोक्याला चिकटवा. बाबांनी खिशातून पेन काढलं. टोपण काढलं. चिठ्ठीवर पेन टेकवलं, आणि अडले. मागे रांग होती. मुलगी पुन्हा म्हणाली, "सर, पर्मनंट अ‍ॅड्रेस." आणि माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात कुठल्याही काउंटरवर आवाज चढवला नव्हता, ते शुद्ध मराठीत ओरडले, "अहो, तोच तर नाहीये ना! तोच नाहीये म्हणून तर चाललंय हे सगळं!" त्या मुलीला अर्थातच एक अक्षर कळलं नाही. डिकीदिदीनं त्यांच्या हातातून पेन घेतलं, चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, चिकटवलं, आणि वाकून त्यांच्या पाया पडली. आईला तिनं मिठी मारली. माझ्या गालाला हात लावला आणि आत गेली.

चार वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. आईशी बोलायची, मी शेजारी बसून ऐकायचे. नंतर सणावारी दोन शब्द बोलायला लागली. ती काठमांडूतच आहे. ज्या गावातून फक्त जायचं होतं तिथे तिनं लग्न केलं, दुसऱ्या बाईच्या नावावर एक पार्लर चालवते. नवरा तिबेटी, त्याच्याकडे कुठलाच कागद नाही, आणि तिथे मुलांना कागद बापावरून मिळतो, म्हणून त्यांच्या मुलीलाही नाही. मुलगी आता शाळेत जाते. बाबा रिटायर होऊन नाशिकला गेले तरी वर्षातून एखादा अर्ज कुठे ना कुठे पाठवतात, आणि उत्तर आलं की मला फोन करून ते उत्तर मोठ्यानं वाचतात.

गेल्या महिन्यात तिनं आपण होऊन मला फोन केला. मुलीच्या शाळेनं पुढच्या वर्गासाठी जन्मदाखला मागितला आहे. मी लगेच वही ओढली. म्हटलं, दिदी, वॉर्ड कुठला, काय कारण सांगतात, मी एक पत्र तयार करते, आमच्याकडे एक वकील आहेत...

"मनू," ती म्हणाली, "तू काही करू नकोस. आधी ऐक."

मी पेन ठेवलं. ती बोलत राहिली. हेडमास्तर, वॉर्डातला माणूस, त्याचा साहेब, साहेबाची सुट्टी, सगळ्यांना तिनं नावं ठेवली, हिंदीत, नेपाळीत, आणि काही मराठीत, आईकडून उचललेल्या शब्दांत. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मग मागे कुठेतरी बादल्या वाजल्या आणि कोणीतरी हाक मारली. "थांब हं, टँकर आलाय, पाणी भरून येते," ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून गेली. पाण्याचा आवाज येत होता. एक लहान मुलगी कोणाशी तरी भांडत होती. माझ्या ऑफिसच्या दारावर टकटक झाली, मी हातानंच नंतर या म्हणून सांगितलं, आणि फोन कानाला लावून बसून राहिले.